कातळावरून गरवण्यासाठी स्वतः रॉड बांधायचा आहे. ब्लँक कोणता घ्यावा?

कातळकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातला असून गेली अकरा वर्षे किनाऱ्यावरून गरवतो. आजवर तयार रॉडच वापरले. या पावसाळ्यात मात्र ब्लँक (मूठ, गाइड काहीही न लावलेली रॉडची नुसती नळी) मागवून पहिला रॉड स्वतःच्या हाताने बांधायचा असे ठरवले आहे. गाइड (दोरी ओवायच्या कड्या), रीळ-सीट (रीळ बसवायची जागा), दोरा, इपॉक्सी यांबद्दल बरीच माहिती मिळाली. ब्लँकपाशी मात्र मी अडलो आहे, कारण प्रत्येक विक्रेता आपल्या ब्लँकमधल्या कार्बनचा 'टन' आकडा पुढे करतो आणि त्या आकड्याचा माझ्या गरवण्याशी नेमका संबंध काय, हे कोणी सांगत नाही.

माझी जागा आणि सवय आधी सांगतो. ओहोटीला मी ज्या कातळावर उभा राहतो तो पाण्यापासून साधारण चार मीटर उंच आहे आणि त्याची कड खाली सरळ न उतरता पायरीसारखी पुढे येते, त्यामुळे मासा जवळ आला की दोरी त्या कडेवर घासण्याची भीती असते. तिथे मी ३० ते ६० ग्रॅमची धातूची आमिषे आणि स्टिकबेट फेकतो. ट्रेव्हली आणि तांबोशी लागते, कधी नशिबाने सुरमई. दुसरी जागा खाडीच्या मुखाशी आहे. तिथे जिताड्यासाठी १५ ते २५ ग्रॅमचे मिनो फेकतो. रीळ ५००० आकाराचे आहे, ब्रेड (विणलेली मुख्य दोरी) पीई २ जाडीची आणि लीडर (आमिषाकडचा जाड दोरा) ४० पौंडांचा. सध्याचा रॉड नऊ फुटी आहे. फेक बरी जाते. पण चार किलोची ट्रेव्हली लागली की तो बुंध्यापर्यंत वाकून राहतो आणि माशाला कातळापासून दूर ओढण्याइतका जोर त्यात उरत नाही.

तीन ब्लँक नजरेत आहेत. पहिला ४० टन कार्बनचा, नऊ फुटी आणि तिघांत सर्वांत हलका. दुसरा साडेनऊ फुटी, दोन तुकड्यांचा, २४ आणि ३० टन कार्बन मिसळून केलेला. तिसरा साडेआठ फुटी, काच आणि कार्बन यांचा मिश्र, वजनाने सर्वांत जड. तिघांवरही आमिषाची मर्यादा जवळपास सारखीच छापली आहे. दोन्ही जागी एकच रॉड चालेल का? टनाला किती महत्त्व द्यावे? आणि ब्लँकचा 'स्पाइन' (नळीची जरा ताठ बाजू) शोधल्याशिवाय गाइड लावूच नयेत असे म्हणतात, ते कितपत खरे आहे?

धागादोरा (प्रतिसाद)

तुम्ही जागा, आमिषाचे वजन आणि माशाचे वागणे सांगून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी चौदा वर्षे रॉड बांधतो आहे आणि पहिली चार-पाच वर्षे मीही टनाच्याच मागे होतो, म्हणून त्या आकड्यापासून सुरुवात करतो.

टन हा आकडा कार्बनच्या तंतूचा ताठपणा सांगतो. त्याची मजबुती सांगत नाही. २४ टन म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २४ टन, अर्थात सुमारे २३५ गिगापास्कल. ४० टन म्हणजे सुमारे ३९०. नेहमीच्या काचतंतूत (ई-ग्लास) हाच आकडा अवघा ७२च्या आसपास असतो. आता याची दुसरी बाजू पाहा. तुटण्यापूर्वी तंतू किती ताणला जातो हे मोजले, तर नेहमीच्या वापरातला २४ टनांचा चांगला तंतू सुमारे २ टक्के ताणतो, ४० टनांचा साधारण १.२ टक्के, आणि काचेचा साडेचार टक्क्यांच्या वर. म्हणजे ताठपणा वाढतो तसतशी सोसण्याची सीमा जवळ येते. शिवाय ताठ तंतू कमी वापरूनही हवा तेवढा जोर मिळत असल्याने बनवणारा भिंत पातळ ठेवतो आणि ब्लँक हलका होतो. हलकेपणाचे ते सुख खरे आहे; दिवसभर फेकून मनगट दुखत नाही आणि आमिषाची थरथर बोटांपर्यंत येते. परंतु पातळ भिंतीची नळी जोरात वाकली की तिचा गोल काप चपटा होऊ लागतो, आणि कातळावर एकदा आपटली की तिथे पडलेली इजा डोळ्यांना दिसतही नाही.

यावरून ४० टन वाईट असा अर्थ काढू नका. त्या नळीत आडव्या दिशेने किती तंतू घातले, आतून-बाहेरून जाळीचा थर दिला आहे का, राळ कोणती वापरली, मँड्रेलचा (ज्या निमुळत्या सळईवर कापड गुंडाळतात तिचा) उतार कसा आहे, यांवर ब्लँकची खरी जात ठरते आणि यातले काहीही टनाच्या आकड्यात दिसत नाही. बहुतेक ब्लँकमध्ये बुंध्याला एक आणि शेंड्याला दुसरा असे दोन-तीन प्रकारचे कार्बन असतात. वर छापलेला आकडा अनेकदा त्यांतल्या सर्वांत मोठ्याचा असतो.

म्हणून मी विक्रेत्याला टन विचारत नाही. मी वाक विचारतो. ब्लँक आडवा धरून बुंधा पक्का बांधायचा आणि शेंड्याला वजन टांगून तो स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आणायचा. त्यासाठी लागलेले ग्रॅम म्हणजे त्या ब्लँकचा जोर. त्याच स्थितीत शेंड्याचे अगदी टोक आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करते ते पाहायचे. कोन जितका मोठा, तितकी ॲक्शन जलद, म्हणजे वाक शेंड्याकडे राहतो आणि बुंधा ताठ असतो. डॉ. विल्यम हॅनेमन यांनी अमेरिकी पेनी नाणी वापरून ही पद्धत मांडली. नाणी एवढ्यासाठी की प्रत्येकाचे वजन ठरलेले, अडीच ग्रॅम. आपल्याला नाण्यांची गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत मापाने पाणी ओता. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम.

याचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. 'मीडियम हेवी' या शब्दाचे कोणतेही सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याचा मीडियम हेवी दुसऱ्याच्या हेवीपेक्षा ताठ निघतो. पण तुमचा सध्याचा रॉड मोजून ठेवलात आणि तुमच्या ओळखीत ज्याचा रॉड हातात घेऊन 'असाच हवा' असे वाटले असेल तोही मोजलात, तर नवा ब्लँक त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे बसायला हवा हे तुम्हाला ठाऊक असेल. चांगले विक्रेते विचारल्यावर मोजून कळवतात. जो कळवत नाही त्याच्याकडून मी पहिल्या रॉडसाठी ब्लँक घेणार नाही.

तुमच्या तिघांपैकी माझा कल दुसऱ्याकडे आहे. कातळाची कड पायरीसारखी पुढे येते असे तुम्ही लिहिले आहे. अशा जागी शेवटच्या पाच-सहा मीटरांत दोरी कडेपासून दूर ठेवायला लांबीच उपयोगी पडते आणि साडेआठ फूट तिथे कमी पडतील. अर्थात लांबी फुकट मिळत नाही. रॉड हा तरफेसारखा आहे आणि त्यात मासा लांब टोकाला व आपण आखूड टोकाला असतो, म्हणून प्रत्येक जादा अर्ध्या फुटाचा भार आपल्या कमरेवर येतो. दहा फुटांच्या पुढे जाऊ नका.

एकच रॉड दोन्ही जागी चालवण्याचा मोह मात्र सोडा. ६० ग्रॅम नीट फेकणारा ब्लँक १५ ग्रॅमच्या मिनोने वाकतच नाही. तो मिनो आपण हाताच्या जोरावर भिरकावतो, ब्लँकच्या नव्हे. आधी कातळाचा रॉड बांधा. खाडीसाठी आठ फुटी हलका ब्लँक पुढच्या वर्षी घेता येईल.

स्पाइनबद्दल थोडक्यात सांगतो. कापलेले कार्बनचे कापड मँड्रेलवर गुंडाळताना थर एकमेकांवर येतात, म्हणून नळी एका बाजूला किंचित ताठ असते. हे खरे आहे. पण स्पाइनवर गाइड लावले की रॉड हातात पिळत नाही, ही समजूत बरोबर नाही. गाइड वरच्या बाजूला असतील तर ओढीखाली रॉडला खाली फिरण्याची ओढ असतेच, स्पाइन कुठेही असो. ब्लँकला निसर्गतः जो किंचित बाक असतो तो पाहून, डोळ्याला सरळ दिसेल अशी रेषा धरा आणि त्या रेषेवर गाइड बांधा.

उधाणवारा (प्रतिसाद)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात मिश्र ब्लँकच्या बाजूने काही सांगावेसे वाटते, कारण मी देवगडच्या बाजूला गरवतो आणि आमच्याकडच्या कातळाने माझे दोन रॉड खाल्ले आहेत.

दुसऱ्या वेळचे सविस्तर सांगतो. रॉड हलका होता, उंची कार्बनचा, मी स्वतःच बांधलेला. दुपारी चहा घेताना तो कातळाला टेकवून ठेवला होता. वाऱ्याने घसरला आणि कमरेइतक्या उंचीवरून आडवा पडला. उचलून पाहिला तर शेंड्याकडून तिसऱ्या गाइडच्या खाली, वार्निशवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका होता. नखाने खरवडला तर काही जाणवले नाही. त्यानंतर तीन आठवडे मी त्याच रॉडने गरवलो. मग एका पहाटे, भांगाच्या भरतीला, दीड किलोचा अगदी सामान्य मासा ओढत असताना सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि रॉड बरोबर त्याच ठिपक्यावर दुभंगला. बनवणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. इजा झाली त्या दिवशीच तो रॉड संपला होता; मला कळले मात्र तीन आठवड्यांनी.

तेव्हापासून रॉड कुठे आपटला की मी तो घरी आणून गाइडच्या मधल्या जागी नाण्याने हलके टिचकावतो. निरोगी भिंतीचा आवाज टणक आणि स्पष्ट येतो, आतून थर सुटलेल्या जागी तो बद्द येतो. मग पाण्याची बाटली टांगून रॉड वाकवतो, कारण मोडायचाच असेल तर तो अंगणात मोडलेला बरा. मासा हातचा जात नाही आणि तोल जाऊन आपणही पाण्यात पडत नाही.

या कारणाने तुमच्या तिसऱ्या ब्लँकला एकदम बाद करू नये असे मला वाटते. काचेचा ब्लँक जड असतो, सावकाश सावरतो, फेकीत पाच-सात मीटर कमी देतो. परंतु हिसका सोसतो आणि कातळाचा मार सहन करतो. माझे वडील माणग्याची (बांबूची) काठी घेऊन खाडीवर जात. ती निवडताना बुंधा पायाखाली धरून शेंडा वाकवायचे आणि किती वेळात सरळ होतो ते पाहायचे. वर पिशवी टांगण्याची पद्धत वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

साडेआठ फूट तुमच्या कड्याला कमी पडतील, हे मात्र मलाही मान्य आहे. तोच मिश्र ब्लँक नऊ किंवा साडेनऊ फुटांत मिळत असेल तर तो अवश्य मोजून पाहा.

कातळकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ठिपक्याची हकिकत वाचून मी लगेच माझा रॉड उजेडात नेऊन पाहिला. दोन जागी तसेच ठिपके आहेत.

आणखी दोन शंका आहेत. दुसरा ब्लँक साडेनऊ फुटी आहे. माझ्या उंचीला नऊ फूट तीन इंच बरे पडतील असे वाटते. तो कापता येईल का आणि कुठून? दुसरे असे की मी मोटारसायकलवरून जातो, त्यामुळे दोन तुकड्यांचा रॉड मला सोयीचा आहे. पण सांध्यामुळे ब्लँक कमकुवत होतो असे काही जण सांगतात.

धागादोरा

कापायचे असेल तर बुंध्याकडून कापा. शेंड्याकडून दोन इंच जरी काढलेत तरी ब्लँकचा सर्वांत बारीक आणि नाजूक भाग जातो, ॲक्शन मंदावते आणि आमिषाची खालची मर्यादा वर सरकते. तो वेगळाच रॉड होतो. बुंध्याकडून तीन इंच गेल्याने फक्त लांबी कमी होते आणि मुठीच्या आत असल्याने तो फरक जवळपास जाणवत नाही. कापण्यापूर्वी त्या जागी चिकटपट्टीचे दोन वेढे घाला आणि बारीक दातांच्या करवतीने गोल फिरवत कापा, नाहीतर तंतू उसवतात. कार्बनची भुकटी फुप्फुसाला वाईट, म्हणून तोंडाला मास्क लावा आणि पाते ओले ठेवा.

सांध्याबद्दल आता काळजी नको. शेंड्याचा तुकडा बुंध्याच्या तुकड्यावर टोपीसारखा बसतो किंवा आतून भरीव कांडी असते. नीट केलेले दोन्ही प्रकार पुरेसे मजबूत असतात. बहुतेक सांधे फुटतात ते अर्धवट बसवून फेकल्यामुळे. वरच्या तुकड्याचे तोंड जिथे संपते तिथे दोऱ्याचा घट्ट वेढा घालून इपॉक्सी द्या. ब्लँकवर तो आधीच असेल तर उत्तम, नसेल तर तुम्ही घाला. तो नसला की तोंड उभे चिरते. साडेनऊ फुटांचे दोन सारखे तुकडे साधारण १४५ सेंटिमीटरचे होतात, म्हणजे मोटारसायकलवरही नेता येतात आणि पार्सललाही सोपे जातात. एकसंध ब्लँक परदेशातून मागवलात तर लांबीमुळे वाहतुकीचा खर्चच कधीकधी ब्लँकच्या किमतीला गाठतो आणि सीमाशुल्क त्यावर वेगळे.

एक गोष्ट मघाशी राहिली. दुकानात नुसता ब्लँक हलवून पाहाल तेव्हा तो जितका चपळ वाटेल तितका बांधल्यावर राहणार नाही. गाइड, दोरा आणि इपॉक्सी यांचे वजन शेंड्याकडे पडते आणि ब्लँक मंदावतो. शेंड्याकडचे गाइड लीडरची गाठ अडकणार नाही इतपतच मोठे, पण शक्य तितके हलके घ्या. परवडत असेल तर शेंड्याकडच्या चार-पाच गाइडची चौकट टायटॅनियमची घ्या. ती हलकीही असते आणि खाऱ्या पाण्यात गंजतही नाही.

मस्कतहून (प्रतिसाद)

मी मूळचा वेंगुर्ल्याचा असून नोकरीनिमित्त ओमानमध्ये आहे. इथे हल्लानियात बेटांच्या बाजूला मोठ्या ट्रेव्हलीसाठी दीडशे-दोनशे ग्रॅमचे पॉपर फेकणारे, पीई ८चे रॉड वापरतात. सुट्टीत गावी येताना मी तसा एक रॉड आणला होता. त्यावर ४० ग्रॅमचे आमिष लावले तर ते पंचवीस मीटरही गेले नाही, कारण एवढ्याशा वजनाला तो ब्लँक हललाच नाही. मासा मोठा म्हणून ब्लँकही तगडा घ्यावा असे अनेकांना वाटते. परंतु मासा लागण्यासाठी आमिष आधी त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते, म्हणून मी ब्लँक पाहताना आमिषाचे वजन नेहमी पहिले धरतो.

ब्लँकवर छापलेल्या पीई आकड्याबद्दलही गैरसमज दिसतो. पीई हा दोरीच्या जाडीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर आणि पीई ४ म्हणजे ०.३३०, जाडी दुप्पट होते तेव्हा दोरीतला माल चौपट होतो. त्यामुळे पीई २च्या दोन वेगवेगळ्या ब्रेडची ताकद सारखी असेलच असे नाही. विक्रेत्याला सरळ विचारा की हा ब्लँक ४५ अंशांच्या कोनात किती किलो ड्रॅग (रीळ दोरी सोडू लागेपर्यंतची ओढ) सोसतो. तुमच्या ब्रेड-लीडरला चार ते पाच किलो ड्रॅग पुरेसा आहे, आणि तो सोसताना बुंध्यात थोडा जोर शिल्लक राहायला हवा.

कातळावर उंच उभे असताना मासा पायाशी आला की रॉड डोक्याच्या मागे नेऊन वर खेचण्याची सवय लागते. ती कृपा करून टाळा. बुंधा आणि दोरी यांच्यातला कोन नव्वद अंशांच्या फार पुढे गेला की बुंध्याचा आधार सुटतो आणि सगळा भार बारीक शेंड्यावर येतो. कितीही चांगला ब्लँक असा मोडतो. मासा वर घ्यायला लांब दांड्याची गॅफ (आकडी) किंवा दोरीला बांधलेली जाळी ठेवा.

कातळकाठ

काल रविवारी पडवीत मोजमाप केले, ते लिहितो. रॉडची मूठ बाकाला दोन पट्ट्यांनी आवळली, मागे भिंतीवर खडूने रेघ ओढली आणि शेंड्याला पाण्याची पिशवी टांगली. माझा जुना नऊ फुटी रॉड ९१ सेंटिमीटर खाली यायला ५२० ग्रॅम लागले. ज्याचा रॉड मला नेहमी हवाहवासा वाटतो त्या शेजारच्या दादांचा, तोही नऊ फुटी, ६८० ग्रॅमला तेवढा आला आणि त्याच्या टोकाचा कोन माझ्या रॉडपेक्षा स्पष्टपणे उभा होता. हातांना जे इतकी वर्षे नुसते जाणवत होते ते खडूच्या रेघेवर दिसले याचा फार आनंद झाला.

दुसऱ्या ब्लँकच्या विक्रेत्याने मोजून कळवले आहे: ९७ सेंटिमीटर वाकायला ६४० ग्रॅम, आणि ४५ अंशांत सहा किलो ड्रॅग. ४० टनवाल्याने पुन्हा टनच सांगितले. मिश्र ब्लँक नऊ फुटांत मिळतो, पण त्या विक्रेत्याकडचा साठा सध्या संपला आहे. त्यामुळे दुसरा ब्लँक आज मागवला. कापण्याचा निर्णय मूठ तात्पुरती जोडून कातळावर दोन-चार फेकी मारल्यावर घेईन. इपॉक्सीचे काम भर पावसात करणार नाही. आमच्याकडे त्या दिवसांत हवेत इतका दमटपणा असतो की वरचा थर चिकट आणि दुधी राहण्याची भीती वाटते, त्यामुळे ते नवरात्राच्या सुमारास उघडीप पाहून करीन. तोवर गाइड चिकटपट्टीने लावून पिशवी पुन्हा टांगतो आणि बांधण्यापूर्वीचे व नंतरचे, दोन्ही आकडे इथे लिहितो.